टंकरचनेतील समूह-परीक्षण

टंकरचनेतील समूह-परीक्षण म्हणजे तयार होत असलेल्या टंकाचे नमुने इतर टंकरचनाकार, मुद्रितशोधक, भाषेचे जाणकार आणि सामान्य वाचक यांच्यासमोर ठेवून, त्यांच्या अभिप्रायांच्या आधारे अक्षररूपे, अंतरे आणि जोडाक्षरांचे नियम टप्प्याटप्प्याने सुधारण्याची पद्धत होय. औपचारिक प्रशिक्षण न घेता या क्षेत्रात येणाऱ्या नवोदित रचनाकारांसाठी ही शिक्षणाचीही एक वाट असते. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होणाऱ्या टंकांच्या बाबतीत परीक्षणाचे काम पहिल्या आवृत्तीनंतरही अनेक वर्षे चालू राहते.

देवनागरीसारख्या लिपीत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. देवनागरीतील जोडाक्षरे, स्वरचिन्हे आणि रफार यांचे संयोग शेकडोंच्या संख्येने होतात. शिवाय मराठी, हिंदी, नेपाळी, कोंकणी, संस्कृत अशा अनेक भाषा हीच लिपी वापरत असल्या, तरी काही अक्षरांच्या बाबतीत त्यांच्या परंपरा वेगळ्या आहेत. एकट्या रचनाकाराला या सर्व परंपरांची माहिती असणे अवघड असते. त्यामुळे एखादे अक्षर सुबक आहे की नाही याबरोबरच ते त्या भाषेच्या वाचकाचे आहे की नाही, हाही प्रश्न परीक्षणातून सोडवला जातो.

परिभाषा

अक्षरांच्या एकसमान वळणाच्या संचाला टंक म्हणतात. हा संच संगणकावर ज्या फाइलच्या रूपात वापरला जातो, तिला फॉन्ट म्हटले जाते. व्यवहारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. फॉन्टमधील प्रत्येक आकृतीला अक्षरचित्र म्हणता येईल. एका वर्णाची अनेक अक्षरचित्रे असू शकतात. उदाहरणार्थ, ‘र’ हा वर्ण सुटा ‘र’, ‘र्क’ मधील रफार, ‘क्र’ मधील तिरकी रेघ, ‘ट्र’ मधील खालची खूण आणि ‘ऱ्य’ मधील आडवे अर्धे रूप अशा पाच प्रकारे उमटतो.

अक्षरचित्राची कड वक्ररेषांनी आखलेली असते. अक्षराच्या दोन्ही बाजूंना ठेवलेली मोकळी जागा, अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आणि रेषेची जाडी या तीन गोष्टींवर मजकुराचा एकूण करडेपणा अवलंबून असतो. छापलेला परिच्छेद डोळे किलकिले करून पाहिला असता तो सर्वत्र सारखा करडा दिसावा, अशी मजकुरासाठीच्या टंकाकडून अपेक्षा असते.

पार्श्वभूमी

धातूच्या खिळ्यांच्या काळात अक्षराचा ठसा पोलादावर कोरला जात असे. कोरणारा कारागीर ठसा ज्योतीवर धरून त्यावर काजळी बसवी आणि तो कागदावर दाबून अक्षर तपासत असे. हे परीक्षण कार्यशाळेच्या भिंतींच्या आत चाले. खिळे तयार झाल्यावर मात्र ते जुळाऱ्यांच्या आणि मुद्रितशोधकांच्या हाती जात व प्रत्यक्ष वापरातील अडचणी तेथे उघड होत. मुंबईत जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये अक्षरओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. खिळे ओतणे आणि त्याच खिळ्यांनी ग्रंथ छापणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होत असल्याने वापरातील दोष ओतशाळेपर्यंत पोहोचण्याची सोय तेथे होती. मात्र एकदा ओतलेला खिळा दुरुस्त करणे खर्चिक असे. देवनागरी खिळ्यांच्या या परंपरेचा सविस्तर अभ्यास बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात केला असून १९७१ मध्ये त्याची त्रिखंडात्मक आवृत्ती प्रसिद्ध झाली.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक देवनागरी फॉन्टची अंतर्गत क्रमरचना वेगवेगळी असे. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. अशा परिस्थितीत एकच मजकूर अनेक फॉन्टांत लावून त्यांची तुलना करणे कठीण होते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग ठरला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ओपनटाइप हे फॉन्टचे स्वरूप जाहीर केले. जोडाक्षरे आणि भाषानिहाय पर्यायी रूपे यांचे नियम फॉन्टमध्येच लिहिण्याची सोय त्यात आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर वितरित झाला.

परीक्षण खुले होण्यास दोन गोष्टी विशेष कारणीभूत ठरल्या. फॉन्टफोर्जसारखी मुक्त साधने उपलब्ध झाल्याने महाग आज्ञावली विकत न घेता टंक रेखाटणे शक्य झाले. तसेच एसआयएल या संस्थेने मुक्त फॉन्ट परवाना तयार केला. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. या परवान्याखालील फॉन्ट कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वितरित करता येतो. केवळ फॉन्ट म्हणून तो सुटा विकता येत नाही आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली ठेवावी लागते. मूळ रचनाकाराने नाव राखून ठेवले असल्यास बदललेल्या आवृत्तीला वेगळे नाव द्यावे लागते. या तरतुदींमुळे दोष दाखवणाऱ्या वाचकाला तो स्वतः दुरुस्तही करता येऊ लागला.

परीक्षणाची गरज

रचनाकार महिनोन्‌महिने तीच अक्षरे मोठ्या आकारात पाहत असल्यामुळे त्याची नजर त्यांना सरावते. पडद्यावर वीतभर उंचीचा दिसणारा ‘ब’ पुस्तकातील बारीक आकारात ‘व’ सारखा दिसतो, हे त्याच्या सहज लक्षात येत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ या जोड्यांतील फरकही बारीक आकारात पुसट होतो. स्वतःच्या टंकात लावलेला मजकूर रचनाकाराला आधीपासून माहीत असतो, म्हणून तो अडखळत नाही. मजकूर प्रथमच वाचणारी व्यक्ती मात्र नेमकी तेथे थांबते.

दुसरे कारण लिपीच्या विस्ताराशी निगडित आहे. नवोदित रचनाकार बहुधा स्वतःचे नाव, वर्णमाला आणि काही सोपे शब्द लावून पाहतो. त्यात ‘ज्योत्स्ना’, ‘वाङ्मय’, ‘उच्छ्वास’, ‘आह्लाद’, ‘त्र्यंबक’ किंवा ‘कार्त्स्न्य’ हे शब्द नसतात. असे शब्द ज्यांच्या रोजच्या वापरात आहेत, तेच वाचक ही उणीव दाखवू शकतात.

प्रक्रिया

परीक्षणाची सुरुवात साधारणपणे मोजक्या अक्षरांच्या नमुन्याने होते. सर्व अक्षरे पूर्ण करून मग अभिप्राय मागितल्यास मूलभूत दोष दुरुस्त करण्यासाठी शेकडो अक्षरचित्रे पुन्हा रेखाटावी लागतात. देवनागरीत उभा काना असलेले ‘प’ व ‘म’, मध्ये काना असलेले ‘क’ व ‘फ’, काना नसलेले ‘ट’, ‘ठ’ व ‘द’ आणि गुंतागुंतीचे ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ह’ असे प्रत्येक कुळातील एक-दोन नमुने आधी दाखवले जातात. त्यांवरून शिरोरेषेची जाडी, अक्षराची उंची आणि रेषेचा स्वभाव निश्चित होतो.

पुढील टप्प्यात नमुनापृष्ठ तयार केले जाते. त्यात एकच परिच्छेद वेगवेगळ्या आकारांत, कागदावर आणि पडद्यावर लावलेला असतो. सोबत कठीण शब्दांची सूची असते. मराठीसाठीच्या अशा सूचीत ‘कीर्ती’, ‘मूर्तींना’, ‘राष्ट्र’, ‘हृदय’, ‘शृंगार’, ‘दुःख’, ‘प्रश्न’, ‘वऱ्हाड’, ‘कॅमेरा’, ‘ऑक्टोबर’ यांसारखे शब्द उपयोगी पडतात. टंकाचा उद्देश नमुनापृष्ठावर स्पष्टपणे लिहिलेला असावा लागतो. फलकासाठी रेखाटलेला ठळक टंक पुस्तकाच्या मजकुराच्या कसोटीवर तपासला गेल्यास मिळालेले अभिप्राय निरुपयोगी ठरतात.

अभिप्राय मिळाल्यानंतर प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवून नव्या आवृत्तीला नवा क्रमांक दिला जातो. जुना व नवा नमुना शेजारी ठेवून पुन्हा तपासणी होते, कारण एका अक्षरातील बदलामुळे दुसरीकडे नवा दोष निर्माण होऊ शकतो. रिकामी राहिलेली अक्षरचित्रे, चुकीची मापे किंवा अपुरी परवाना-माहिती यांसारख्या बाबी फॉन्ट बेकरीसारख्या स्वयंचलित साधनांनी शोधता येतात. डोळ्याला खटकणारे अंतर किंवा परकी वाटणारी रूपे मात्र अशा साधनांना सहसा ओळखता येत नाहीत.

देवनागरी टंकांत वारंवार आढळणारे दोष

शिरोरेषेचे सांधे: शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवाव्या लागतात. त्या नेमक्या टोकाला टोक लावून थांबवल्या तर पडद्यावर बारीक फट दिसू शकते. एखाद्या अक्षराची शिरोरेषा किंचित वर किंवा खाली असल्यास ओळ पायरीसारखी भासते.

ऱ्हस्व वेलांटी: ‘ि’ हे चिन्ह उच्चारात आणि संगणकीय क्रमात व्यंजनानंतर येते, पण उमटते व्यंजनाच्या आधी. तिची कमान व्यंजनाच्या कान्यापर्यंत पोहोचावी अशी वाचकाची अपेक्षा असते. ‘नि’ साठी पुरेशी असणारी कमान ‘क्षि’ किंवा ‘ष्ठि’ वर तोकडी पडते. म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या रेखाटाव्या लागतात. नवोदितांच्या पहिल्या आवृत्तीत बहुधा एकच वेलांटी असते.

चिन्हांची टक्कर: ‘मूर्तींना’ या शब्दात दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. त्यांची स्थाने ठरवून न दिल्यास अनुस्वार रफारात बुडतो. खालच्या बाजूला ‘ट्रू’ किंवा ‘द्धृ’ यांसारख्या संयोगांत चिन्हे पुढच्या ओळीला टेकतात.

अंतरे: ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’, ‘र’ या अक्षरांना उजवीकडे पूर्ण उंचीचा काना नसल्याने त्यांच्याखाली पांढरी पोकळी राहते. दोन काने शेजारी आले तर त्याउलट गर्दी होते. शिरोरेषेवरील अंतर सर्वत्र सारखे ठेवल्यास ओळीची लय बिघडते, म्हणून ते डोळ्याच्या अंदाजाने कमी-जास्त करावे लागते.

मराठी रूपांचा प्रश्न

मराठी वाचकांच्या अभिप्रायांत काही मुद्दे वारंवार येतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आडव्या अर्ध्या ‘र’चा आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’, ‘वऱ्हाड’ हे शब्दही या रूपाशिवाय लिहिता येत नाहीत. हिंदीत याची गरज पडत नसल्याने केवळ हिंदी मजकुरावर तपासलेल्या टंकात हे रूप राहून जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास मराठी शब्दात सुटा ‘र’ आणि खाली पायमोड दिसते. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिले जाते: ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलंत जोडून, किंवा साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून. दोन्ही प्रकारे लिहिलेला मजकूर प्रचलित असल्यामुळे फॉन्टला दोन्ही हाताळावे लागतात.

दुसरा मुद्दा ‘ल’ आणि ‘श’ यांच्या रूपांचा आहे. मराठी परंपरेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत, तर हिंदीत ‘ल’ला उजवीकडे पूर्ण दंड असतो आणि ‘श’चे वळण वेगळे असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व लिपी यांच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारून पुन्हा जाहीर केला. त्या सुधारित निर्णयात मराठी लेखनासाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरलेला आहे.

ओपनटाइपमधील भाषानिहाय पर्यायांच्या सोयीमुळे एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवता येतात. तथापि, मजकूर मराठी असल्याची खूण दस्तऐवजात किंवा संकेतस्थळावर केलेली असेल आणि वापरातील आज्ञावली ती ओळखत असेल, तरच मराठी रूप आपोआप उमटते. ही खूण नसल्यास मूळ म्हणून ठेवलेले रूप दिसते. त्यामुळे कोणते रूप मूळ मानावे, हा निर्णय दिसायला तांत्रिक असला तरी त्याचा परिणाम वाचकांच्या सवयीवर होतो. शाळकरी वाचकाच्या डोळ्यांसमोर सतत एकच रूप आले, तर कालांतराने तेच प्रमाण वाटू लागते.

तिसरा मुद्दा इंग्रजीतून आलेल्या शब्दांतील स्वराचा आहे. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ या वर्णाला युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, यू+०९७२ हे स्थान मिळाले. त्यापूर्वीचा बराच मजकूर ‘अ’ला अर्धचंद्राचे चिन्ह जोडून लिहिलेला आहे. मराठीसाठी तयार होणाऱ्या टंकात दोन्ही प्रकारे लिहिलेला स्वर सारखाच आणि न फाटता उमटणे अपेक्षित असते.

अभिप्रायांचे वर्गीकरण

मिळालेला प्रत्येक अभिप्राय स्वीकारल्यास टंकाचे स्वतःचे वळण हरवते आणि प्रत्येक अभिप्राय नाकारल्यास परीक्षणाचा हेतू संपतो. म्हणून अभिप्रायांची चार गटांत विभागणी करणे उपयुक्त ठरते.

१. तांत्रिक चुका: जोडाक्षर न जुळणे, चिन्ह चुकीच्या जागी येणे, अक्षरचित्र रिकामे असणे. येथे एका वाचकाने दाखवलेली चूकही दुरुस्त करावी लागते.
२. वाचनीयतेच्या हरकती: ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळ होणे, परिच्छेदात काळे डाग दिसणे. अशी हरकत अनेक वाचकांकडून आणि वेगवेगळ्या आकारांत पडताळून पाहिली जाते.
३. भाषिक परंपरेच्या हरकती: ‘ऱ्य’ नसणे, ‘ल’चे रूप परके वाटणे. येथे संख्येपेक्षा त्या भाषेच्या वाचकाचे म्हणणे महत्त्वाचे असते. शंभर जणांना टंक आवडला, तरी ‘दऱ्या’ लिहिता येत नसेल तर तो मराठीसाठी अपुरा ठरतो.
४. आवडीनिवडी: टोके गोल असावीत की चौकोनी, अक्षर अधिक ऐटदार असावे की साधे. येथे अंतिम निर्णय रचनाकाराचा असतो.

अभिप्राय देणारी व्यक्ती बऱ्याचदा दोषाऐवजी उपाय सुचवते. ‘क्ष बारीक करा’ या सूचनेमागचे निरीक्षण बहुधा ‘क्ष ओळीत काळा दिसतो’ असे असते. त्याचे कारण रेषेच्या जाडीत नसून अक्षराच्या पोटातील अपुऱ्या पांढऱ्या जागेत असू शकते. अशा वेळी अक्षर थोडे रुंद केल्याने दोष दूर होतो. म्हणून वाचकाला काय खटकले हे समजून घेणे आणि उपाय स्वतः शोधणे, ही नवोदित रचनाकाराने आत्मसात करावयाची मुख्य गोष्ट मानली जाते.

उदाहरणे

‘जेन्टियम’ हा टंक व्हिक्टर गॉल्टनी यांनी इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठात शिकत असताना हाती घेतला. लॅटिन आणि ग्रीक लिपींपासून सुरू झालेल्या या टंकाला मुक्त परवाना मिळाला आणि पुढील आवृत्त्यांत सिरिलिक लिपीचीही भर पडली.

जर्मनीतील फिलिप पोल यांनी २००३ मध्ये ‘लिनक्स लिबर्टीन’ या मुक्त टंकाचे काम सुरू केले. २०१० मध्ये विकिपीडियाच्या बोधचिन्हातील नावासाठी हा टंक स्वीकारण्यात आला. पुढे खालेद होस्नी यांनी त्याच्या आधारे ‘लिबर्टिनस’ हा टंकसमूह तयार करून मूळ टंकातील अनेक दोष दूर केले आणि गणिती चिन्हांची सोय केली. मूळ रचनाकाराव्यतिरिक्त इतरांनीही टंक पुढे नेण्याचे हे उदाहरण आहे.

विकिपीडियाच्या त्याच बोधचिन्हात देवनागरी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती झाली. आधीच्या गोलावरील एका तुकड्यावर असलेले देवनागरी ‘वि’ हे अक्षर चुकीच्या रीतीने उमटलेले होते. देवनागरी जाणणाऱ्यांना ते सहज खटकत होते. २०१० च्या नव्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. लिपी न जाणणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला दोष ती लिपी वाचणाऱ्याला क्षणात दिसतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या टंकाच्या आधारे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘शोभिका’ हा मुक्त टंक तयार झाला. संस्कृत ग्रंथांच्या संपादनासाठी लागणारी जोडाक्षरे आणि चिन्हे त्यात आहेत. मुंबईतील एक टाइप या रचनाकार-समूहाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंकही मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून नवोदितांना त्यांच्या मूळ फाइली अभ्यासता येतात.

मर्यादा

समूह-परीक्षणात सहभागी होणारे लोक बहुधा संगणकाशी परिचित आणि टंकांत रस असलेले असतात. प्राथमिक शाळेतील मुले, ज्येष्ठ वाचक किंवा दृष्टी मंद असलेल्या व्यक्ती यांचा अनुभव त्यात आपोआप येत नाही. तो जाणीवपूर्वक मिळवावा लागतो. वाचक ज्या रूपांना सरावलेले असतात तीच त्यांना सुवाच्य वाटतात. त्यामुळे नव्या वळणाला सुरुवातीला विरोध होण्याची शक्यता असते. तसेच अनेकांच्या सूचनांची सरासरी काढून रेखाटलेला टंक निर्दोष असूनही निर्जीव वाटू शकतो.

परीक्षणातून टंकाला कल्पना मिळत नाही, ती रचनाकाराकडेच असावी लागते. मात्र त्या कल्पनेतून उमटलेले अक्षर वाचकाच्या भाषेत, त्याच्या कागदावर किंवा पडद्यावर आणि त्याच्या शब्दांत टिकते की नाही, हे परीक्षणाशिवाय कळू शकत नाही.